विषय क्रमांक एक : दोन ससे

माझ्याकडे आजवर कुणी पाठ फिरवलेली नव्हती. हे मी बढाई म्हणून सांगत नाही, नोंद म्हणून सांगतो. उमरग्यातल्या एका महाविद्यालयाच्या कार्यालयात मी बावीस वर्षं आहे, त्यातली सात हेडक्लार्क म्हणून. प्राध्यापक मंडळी वर्गात काय करतात ते त्यांचं त्यांना ठाऊक, पण रजेचा अर्ज घेऊन माझ्या टेबलासमोर आली की काम होईपर्यंत तोंड माझ्याकडेच ठेवतात. अशा माणसाकडे दीड किलो वजनाच्या एका पांढऱ्या सशानं आधी नीट बघितलं, मग सावकाश वळून पाठ केली, आणि जाता जाता मागचे दोन्ही पाय माझ्या दिशेनं झटकले.

"बाबा, ती रागावलीय," माझी मुलगी ज्ञानेश्वरी म्हणाली.

"कशावरून?"

"तुमच्यावरून."

ससे घरी कसे आले हे सांगण्यात अर्थ नाही. बायको सत्यभामा 'हो' म्हणाली, मुलगी आधीपासूनच 'हो' होती, आणि मला विचारण्यात आलं तेव्हा दोघी सशिणी स्वयंपाकघरात बसून कोथिंबिरीची दुसरी जुडी खात होत्या. दोघी बहिणी. पांढरी होती तिचं नाव ज्ञानूनं आंबील ठेवलं आणि दुसरी काळी, तपकिरी, राखाडी अशी सगळ्या रंगांची होती म्हणून तिचं नाव भज्जी. आमच्याकडे वेळाअमावास्येला अख्खं गाव कुलपं लावून शेतात जेवायला जातं. तिथं मडक्यात ताकाची आंबील असते आणि हिरवे दाणे, पालेभाज्या एकत्र शिजवलेली भज्जी असते. दहा वर्षांच्या पोरीला जगात याहून चांगलं काही माहीत नव्हतं, तेव्हा नावं ठीकच होती.

भज्जीबद्दल माझी काही तक्रार नाही. ती कुणाच्याही हातून काहीही खाते आणि खाऊन झालं की त्याच माणसाची चप्पल खाते. प्रश्न आंबीलचा होता. आंबील स्वाभिमानी होती, आणि एका घरात दोन स्वाभिमानी प्राणी राहणं अवघड असतं.

तरी हे घरातल्या घरात राहिलं असतं. पण आमच्या रेणुकानगरात चौदा घरं आणि बोअर एक. ती माझ्या कंपाउंडला लागून आहे, म्हणून स्टार्टरची पेटी माझ्या ओसरीत आणि म्हणूनच पाणी समितीचा सचिव मी. कार्तिक महिन्यातल्या एका सकाळी आंबीलनं पिंजऱ्याची कडी नाकानं उघडली, ओसरीवर आली आणि मोटारीची वायर तीन ठिकाणी कुरतडली. नेमकी तेव्हा लाईट गेलेली होती म्हणून ती वाचली. लाईट जाण्यानं कुणाचं भलं झाल्याचं हे मी पाहिलेलं पहिलंच उदाहरण. चौदा घरांना मात्र दोन दिवस पाणी नव्हतं, आणि ज्यांनी वर्षभर मला कधी नमस्कार केला नव्हता ते सगळे रिकाम्या घागरी घेऊन माझ्या दारावरून मुद्दाम हळू चालत गेले.

तिसऱ्या दिवशी लेखी अर्ज आला. समितीचे अध्यक्ष धनाजीराव, साखर कारखान्याच्या शेती खात्यातून निवृत्त झालेले, अजूनही प्रत्येक माणसाकडे उसाच्या फडाकडे बघावं तसं बघतात, म्हणजे तोडणीला आला की नाही. अर्जावर लिहिलं होतं : 'प्रति, मा. सचिव, पाणी समिती. विषय : मा. सचिवांच्या सशांनी वायर कुरतडल्याबाबत.'

आता नियम म्हणजे नियम. मी तो अर्ज आवक नोंदवहीत घेतला. अर्जदाराला पोच दिली. मग सचिव या नात्यानं वैजनाथ बिराजदार यांना नोटीस काढली, ती वैजनाथ बिराजदार म्हणून सही करून घेतली, तीन दिवसांत खुलासा सादर केला आणि सचिव म्हणून वाचल्यावर तो मला असमाधानकारक वाटला. तसा शेराही मारला. सत्यभामा म्हणाली, "तुमचं तुमच्याशी तरी पटतं का हो?" तिला कार्यालयीन कामाची समज नाही.

सभा माझ्याच ओसरीवर भरली. चहा माझाच.

"बिराजदार, आपलं काय वैर न्हाय मुक्या जनावराशी," धनाजीराव बशीत चहा ओतत म्हणाले. "पर जनावराला वळण पायजे का न्हाय? आज वायर खाल्ली, उद्या स्टार्टर खाईल. माझ्या शेतावर कोंडीराम हाय. त्याच्याकडं ठिवू. मोकळं रान हाय, ऱ्हातील सुखात. त्येला ससे लई आवडतात."

कोंडीराम हा त्यांचा शेत राखणारा माणूस. त्याला ससे आवडतात हे सगळ्यांना माहीत होतं. कसे आवडतात, हे विचारायचं धाडस कुणी केलं नाही.

मी म्हणालो, "मला मुदत द्या. मी त्यांना वळण लावतो."

"किती?"

"वेळाअमावास्येपर्यंत."

"बरं. तवा समदी कॉलनी माझ्या शेतात जेवायला येणारच हाय. येगळी मीटिंग कशाला? तिथंच बघू."

मी ठराव क्रमांक सात स्वतःच्या हातानं लिहिला : 'अमावास्येस अध्यक्षांच्या शेतात सर्वांसमक्ष हाक मारली असता पांढरा ससा सचिवांकडे आपणहून आल्यास दोन्ही ससे सचिवांनी परत न्यावेत. न आल्यास दोन्ही ससे कोंडीराम यांच्या ताब्यात तेथेच द्यावेत. सर्वानुमते मंजूर.' अक्षर फार सुंदर आलं. 'आपणहून' हा शब्दही मीच सुचवला. कलम भारदस्त वाटावं म्हणून.

वर बघतो तर दारात ज्ञानू उभी.

"तुम्ही देऊन टाकणार त्यांना."

"नाही गं. अजिबात नाही."

"लिहून द्या."

इथं एक गोष्ट कबूल करावी लागेल. मागच्या वर्षी ज्ञानूनं रस्त्यावरचं एक कुत्र्याचं पिल्लू आणलं होतं. ती शाळेत असताना मी ते सोनारीला मेव्हण्याकडे पाठवून दिलं आणि संध्याकाळी तिला सांगितलं की ते आपणहून गेलं. पिल्लू तिथं मजेत आहे, गोठा राखतं. पण सोनारीला गेल्यावर ते ज्ञानूला भेटलं, आणि तेव्हापासून या घरात माझ्या तोंडी शब्दाला काही किंमत राहिलेली नाही. फिरायला नेतो म्हटलं तरी ती वहीचं पान पुढे करते.

मी लिहून दिलं : 'आंबील व भज्जी यांना कोणासही देणार नाही.' तिनं वाचलं, तारीख टाकायला लावली आणि घडी घालून कंपासपेटीत ठेवलं. ती गेल्यावर माझ्या लक्षात आलं की एकाच दिवशी, एकाच पेनानं, मी एकमेकांच्या विरुद्ध दोन कागद केले होते. बावीस वर्षांत माझ्या हातून असं झालं नव्हतं. त्या रात्री जेवण गेलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून सल्ले सुरू झाले. आमच्याकडे पाणी दोन तास येतं, सल्ला दिवसभर.

पहिले मुनवरभाई. त्यांचं मोटार वाइंडिंगचं दुकान आहे, वायरही त्यांनीच जोडून दिली होती. "साहब, तुम लाड करतें, वोच गलती है," ते म्हणाले. "कान पकडके उठाव. बाजार में सब वैसेच उठातें. एक बार उठाया तो समजता, मालिक कौन है."

मालक कोण हे समजावण्यासाठी मी आंबीलचे कान धरले. पुढचं सगळं एका क्षणात झालं. माझ्या दोन्ही मनगटांवर समांतर रेघा उठल्या, शर्टाचं एक बटण गेलं आणि आंबील कपाटाखाली जाऊन मागचा पाय जमिनीवर आपटू लागली. धप्प. थांबून पुन्हा धप्प. एवढ्याशा जनावराचा एवढा आवाज. तासभर ती माझा निषेध नोंदवत होती. दुसऱ्या दिवशी मनगटं बघून कार्यालयातल्या शिपायानं घरी सगळं ठीक आहे ना, असं फार मायेनं विचारलं.

मग शेजारच्या शांताक्का आल्या. त्या मूळच्या आळंदकडच्या. रागावल्या की पूर्ण कानडीत जातात, सल्ला देताना अर्ध्या.

"अय्यो, कान कशाला धरता री? त्याला पोरीचा वास ठाऊक हाय. तुमचा वास म्हंजी सगळा कागदाचा वास. पोरीचं कापड घालून बसा बघू. आमच्या बापानं म्हशीला असंच फसवलंवतं."

हे मला शास्त्रीय वाटलं. ज्ञानूचा गुलाबी स्वेटर माझ्या खांद्यांवर कसाबसा बसला, गोंडे असलेली तिची कानटोपी डोक्यावर घातली आणि मी ओसरीवर, हातात गाजर घेऊन, शक्य तितक्या मुलीसारखा बसलो. आंबील पिंजऱ्याच्या दाराशी आली. नाक हललं. एक पाऊल बाहेर पडलं. मी गाजर बोटभर पुढं केलं. आणि मागून आवाज आला, "बिराजदार, मोटार कितीला लावणार हो?"

धनाजीराव माझ्याकडे बराच वेळ बघत राहिले. मग खिशातून फोन काढला. संध्याकाळी कॉलनीच्या ग्रुपवर फोटो आला : 'सचिव कामात.' चौदा घरांतून सव्वीस अंगठे आले. त्यातला एक सत्यभामेचा होता.

यानंतर मी सशांशी संबंध तोडले असते. पण त्याच रविवारी सकाळी भज्जी मेली.

म्हणजे मी पेपर वाचत होतो, ती माझ्यापासून दोन हातांवर चालत होती, आणि चालता चालता धाडकन कुशीवर कोसळली. पाय ताठ, पोट वर, डोळे अर्धवट. मी हाक मारली. हलली नाही. मी तिला टॉवेलात गुंडाळलं आणि बनियन-लुंगीवर तसाच स्कूटर काढली. मागे ज्ञानू बसली, तिच्या मागे सत्यभामा. ज्ञानू रडत नव्हती. एवढंच म्हणाली, "तुम्ही आपणहून गेली म्हणू नका." ते मला मनगटावरच्या ओरखड्यांहून जास्त लागलं.

जनावरांच्या दवाखान्यात केसपेपर काढणारा गृहस्थ शांत होता. "जनावर कुठलं?"

"ससा."

"गाय, म्हैस, शेळी, मेंढी, कोंबडी. सशाचा रकाना न्हाय."

"इतरमध्ये लिहा."

"इतरमध्ये लिवलं की वरून विचारत्यात, इतर म्हंजी काय."

एरवी मी चिडलो असतो, पण त्या क्षणी मला त्या माणसाचं दुःख समजलं. 'इतर'नं मलाही आयुष्यात फार छळलंय.

"दूध किती देती?"

"अहो, ती मेलीय!"

"मग ह्यो फॉर्म न्हाय," तो म्हणाला आणि दुसरा फॉर्म शोधायला वाकला. तो वर येईपर्यंत टॉवेलातून एक तोंड बाहेर आलं होतं आणि त्यानं केसपेपरचा 'मालकाचे नाव' हा भाग खाऊन टाकला होता.

आतून डॉक्टर हसत बाहेर आल्या. डॉक्टर मिनाज, मुनवरभाईंची भाची. त्यांनी भज्जीला टेबलावर ठेवलं, पोट चाचपलं, कान बघितले.

"काका, ही मेली नव्हती. निवांत पडली होती. ससा अगदी निर्धास्त असला तरच असा कोसळतो. हिचा विश्वास बसलाय."

"माझ्यावर?"

"घरावर," त्या म्हणाल्या. डॉक्टरांनी पेशंटच्या नातेवाइकांशी इतकं स्पष्ट बोलू नये.

मग मी आंबीलचं सगळं सांगितलं. कानटोपीचं सोडून. ते ज्ञानूनं सांगितलं.

"काका, सशाला सगळी दुनिया खायला टपलेली असते," मिनाज म्हणाल्या. "वरून हात आला की त्याला घार आली वाटतं. टक लावून बघितलं की कोल्हा वाटतो. आणि कान धरून उचललं की मेलोच वाटतं. तुम्ही तिन्ही केलंय."

"मग आता काय करू?"

"काहीच करू नका. रोज ठरल्या वेळी जमिनीवर बसा. तिच्याकडं बघायचं न्हाई, बोलवायचं न्हाई, हात लावायचा न्हाई. आपलं काहीतरी हळू आवाजात वाचत बसा. ती येईल तेव्हा येईल."

"तासभर काहीच न करता बसायचं?"

"जमेल त्यांना," सत्यभामा म्हणाली. "ऑफिसात सवय आहे."

वायर पाइपातून न्या, असंही डॉक्टर म्हणाल्या. आणि चावायला ज्वारीच्या कडब्याचे तुकडे द्या. "कुरतडणं थांबत नसतं, काका. काय कुरतडायचं तेवढं आपण ठरवायचं." मग मी भीत भीत अमावास्येचा विषय काढला. त्यांचे डोळे मोठे झाले. "शेतात? नव्या जागी? चाळीस माणसांत? असला ठराव लिहिला तरी कुणी?"

मी छताच्या पंख्याकडे बघत राहिलो.

पंधरा दिवस उरले होते. रोज सहा ते सात मी ओसरीवर फरशीवर बसू लागलो. पहिल्या दिवशी फक्त माझे गुडघे बोलले. पेपर वाचायला घेतला तर पान उलटताच आंबील उडून पलीकडे. मग मी समितीची इतिवृत्ताची वही आणली. जाड कागद, आवाज करत नाही. ती मोठ्यानं, एका सुरात वाचू लागलो. 'विषय क्रमांक दोन : टाकी साफ करणेबाबत. साधकबाधक चर्चा झाली.' गेली सहा वर्षं मी दर सभेला मागचं इतिवृत्त वाचायला उभा राहतो आणि पहिल्या ओळीला सगळे 'मंजूर, मंजूर' म्हणून चहाकडे वळतात. इतिवृत्त अखेरपर्यंत ऐकून घेणारी आंबील ही पहिलीच.

चौथ्या दिवशी ती पिंजऱ्यातून बाहेर आली. सहाव्या दिवशी माझ्या पायाच्या अंगठ्याला काहीतरी ओलसर लागलं. मी हललो नाही. वाचत राहिलो. आठव्या दिवशी तिनं आपली हनुवटी वहीच्या कोपऱ्यावर घासली, एकदा, दोनदा, अगदी दाबून. मी घाबरून डॉक्टरांना फोन लावला.

"काका, अभिनंदन. हनुवटी घासली म्हणजे 'हे माझं' म्हणते ती."

म्हणजे शिक्का. मला आंबील प्रथमच समजली. बावीस वर्षं मीही दुसरं काय करत होतो?

बाराव्या दिवशी तिनं पुढचे दोन पाय माझ्या मांडीवर ठेवले आणि ठराव क्रमांक सातचा कोपरा खाल्ला. मी खाऊ दिला. माझा पाय बधिर झाला, मुंग्या आल्या, मुंग्याही गेल्या. फोन वाजला. प्राचार्यांचा होता. मी प्राचार्यांचा फोन वाजू दिला. नोकरीत पहिल्यांदा.

दारात ज्ञानू उभी होती. किती वेळ उभी होती कोण जाणे. ती आत गेली, एक उशी घेऊन आली आणि आवाज न करता माझ्या पाठीमागं भिंतीशी सरकवली. "पाय दुखत असंल," ती म्हणाली. महिनाभरात ती माझ्याशी बोललेलं हे पहिलं वाक्य, ज्यात काही लिहून मागितलेलं नव्हतं की बजावलेलं नव्हतं. मला इतका आनंद झाला की तो कुठं ठेवावा कळेना. पण पुढच्याच श्वासाला ती म्हणाली, "पण शेतात यायला पाहिजे."

अमावास्येला सकाळी आमची कॉलनी दोन टेम्पोंतून धनाजीरावांच्या शेतात उतरली. शिवारात जिकडे बघावं तिकडे माणसं. ज्वारीच्या कडब्याची खोप उभी केलेली, आत पाच पांडव म्हणून चुना लावलेले पाच दगड, मडक्यावर शाल. पूजा झाली. खोपीभोवती आंबील शिंपत, आरोळ्या ठोकत पुरुष मंडळी फिरली. बाजरीचे उंडे झाले, भज्जी झाली, तिसऱ्यांदा भज्जी झाली. मुनवरभाई दरवर्षी पाच जणांची भज्जी खातात आणि पुढच्या वर्षी येत नाही म्हणतात. मला घास जात नव्हता. बांबूच्या पालथ्या डालग्याखाली दोघी बसल्या होत्या, आणि कोंडीराम दर थोड्या वेळानं येऊन डालग्यात डोकावून जात होता.

"हं, बिराजदार," हात धुऊन धनाजीराव म्हणाले, "घ्या विषय."

चाळीस माणसं गोल करून उभी राहिली. मी डालगं उचललं. भज्जी बाहेर आली आणि पत्रावळीतल्या उरलेल्या पाल्याला लागली. तिच्या दृष्टीनं सभा संपली होती. आंबील अंग चोरून बसून राहिली, डोळे बटबटीत. मी चार पावलं मागं गेलो आणि हाक मारणार एवढ्यात कोंडीरामाला वाटलं आपण मदत करावी. त्यानं पाखरं हाकायचा पत्र्याचा डबा उचलला आणि काठीनं दणादणा वाजवला.

आंबील हरभऱ्यात गेली. हरभऱ्यातून करडईत गेली. आणि तिच्यामागं अख्खं रेणुकानगर गेलं. करडईला काटे असतात हे शेतात वाढलेल्या माणसांना सांगावं लागत नाही, पण त्या दिवशी सगळे विसरले. मुनवरभाईंचा नवा पायजमा गुडघ्यापासून खाली उभा फाटला. शांताक्का हातात भज्जीचा डाव घेऊन पूर्ण कानडीत गेल्या होत्या. "तिकडं! तिकडं गेली!" "इथं हाय!" "माझा पाय हाय तो!" सशाचा पत्ता नाही.

"झालं," धनाजीराव धापा टाकत बांधावरून म्हणाले. "रानातलं जनावर रानात गेलं. इषय संपला."

मी ज्ञानूकडे बघितलं. तिनं खिशातून घडी घातलेला कागद काढला होता. माझा. उघडला नाही, फक्त हातात धरून उभी होती. मोठ्या माणसांचं असंच असतं, हे समजलेल्या पोरीचा चेहरा होता तो. आणि मग माझ्या तोंडून जो आवाज निघाला तो मी आधी कधी ऐकला नव्हता.

"खाली बसा!"

सगळे थबकले.

"सगळे. आहे तिथं खाली. आणि कुणी हूं की चूं करायचं नाही. अध्यक्ष, तुम्ही पण!"

धनाजीराव बसले. करडईत उभे होते ते करडईत बसले, त्यांचे हाल त्यांच्या तोंडावर दिसत होते, पण आवाज कुणी केला नाही. मी पिशवीतून वही काढली, करडईकडं पाठ करून हरभऱ्याच्या कडेला मांडी घातली आणि रोजच्या आवाजात, रोजच्या सुरात, पहिल्या पानापासून वाचायला लागलो.

'पाणी समिती, रेणुकानगर. विषय क्रमांक एक : टाकी साफ करणेबाबत. चर्चा झाली. अध्यक्ष : पुढील सभेत घ्यावे.' पान उलटलं. 'विषय क्रमांक एक : टाकी साफ करणेबाबत. अध्यक्ष : पुढील सभेत घ्यावे.' पान उलटलं. चाळीस माणसं आयुष्यात प्रथमच इतिवृत्त ऐकत होती, आणि चहा कुठंच नव्हता. टाकी चार सभा पुढं गेली. मग मी जूनच्या सभेवर आलो. 'विषय क्रमांक पाच : मोटारीची वायर उघडी असल्याने ती पाइपातून नेणेबाबत सचिवांनी मांडले. अध्यक्ष : घाई काय आहे, पुढील सभेत घ्यावे.'

रोज एका सुरात वाचताना हे माझ्याही लक्षात आलं नव्हतं. क्षणभर अडखळलो. चाळीस माना एकदम धनाजीरावांकडे वळल्या. ते ढेकळाकडे बघत होते.

मला तिथं थांबायचा, चष्मा पुसायचा, हे वाक्य पुन्हा वाचायचा फार मोह झाला. पण सूर मोडला असता. मी वाचत राहिलो. ऑगस्ट झाला, सप्टेंबर झाला, ठराव क्रमांक सातचं पान आलं. माझ्या मागं करडई सळसळली. मी बघितलं नाही. समोर बसलेल्या ज्ञानूचे डोळे मोठे होत होते आणि मी त्यातच बघत होतो. मग मांडीला काहीतरी ओलसर लागलं.

आंबील माझ्या भोवती एकदा फिरली. वहीपाशी आली. ठराव क्रमांक सातवर तिनं हनुवटी ठेवली आणि सर्वांसमक्ष, दाबून, दोनदा शिक्का मारला. आणि मग माझ्या गुडघ्याला लागून, चाळीस माणसांत, भर शिवारात, ती धाडकन कुशीवर कोसळली. पाय ताठ, पोट वर.

"अय्यो, सत्तोयतु!" शांताक्का किंचाळल्या. "मेलं की री ते!"

"मेली नाही," मी म्हणालो. आवाज अगदी हळू, पण शेवटच्या माणसापर्यंत गेला. "निवांत आहे. कुणी उठू नका."

कुणी उठलं नाही.

"पर हाक कुठं मारली?" कोंडीराम कुजबुजला.

"एवढं अर्धा तास वाचलं ते काय होतं?" सत्यभामा म्हणाली. एवढ्या वर्षांत तिनं चार लोकांत माझी बाजू घेतल्याचं मला दुसरं आठवत नाही.

"मंजूर," धनाजीराव दबक्या आवाजात म्हणाले. "ससे तुमचेच. वायरचा पाइप उद्याच बसवू, माझ्या हातानं बसवतो. बिराजदार, आता उठू का? बांधावर बी काटं हाईत."

मी पान उलटलं. "पुढील सभेत घ्यावे," म्हणालो.

करडईतली माणसं काटे टोचत असतानाही हसायला लागली, तोंडावर हात धरून, आवाज न करता. मुनवरभाईंच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. आंबीलनं एक डोळा उघडून सगळ्यांकडे बघितलं आणि परत मिटला.

उन्हं कलली तशी मंडळी टेम्पोकडं निघाली. जाताना प्रत्येक जण माझ्यापाशी थांबून जात होता. शांताक्का म्हणाल्या, म्हशीला फसवण्यापेक्षा हे बरं. कोंडीरामानं चार मुठी हरभऱ्याचा पाला बांधून दिला आणि म्हणाला, "साहेब, मला तशे आवडत न्हाईत हो ससे. बगायला आवडत्यात." त्याच्याबद्दल महिनाभर मी काय काय मनात आणलं होतं ते आठवून मी त्याला हात जोडले.

मी बांधावर बसलो होतो. दोघी डालग्यात कोंडीरामाचा पाला खात होत्या. ज्ञानू येऊन शेजारी बसली. मी वही उघडली, पेनाचं टोपण काढलं. ठराव क्रमांक सातखाली जागा होती. दोन्ही ससे कायमस्वरूपी ज्ञानेश्वरीकडे राहतील, असं लिहायचं, खाली सही, तारीख, आणि एक सही-शिक्क्याची प्रत तिला. वाक्य मनात तयारही झालं होतं.

तिनं माझ्या हातावर हात ठेवला.

"राहू द्या, बाबा. लिहायला नको."

आणि खिशातला जुना कागद काढून तिनं डालग्याच्या फटीतून आत सरकवला. आंबीलनं तो तारखेकडून खायला सुरुवात केली. ज्ञानूनं डोकं माझ्या दंडाला टेकवलं आणि आम्ही कागद संपेपर्यंत तसेच बसलो.

ठराव क्रमांक सातच्या खाली अजूनही काही लिहिलेलं नाही. माझ्या हातची ती एकमेव कोरी जागा आहे. पुढच्या सभेत मागचं इतिवृत्त वाचायला मी उभा राहिलो, तर सगळे आपणहून जमिनीवर बसले.